येझदीला सोळा की सतरा? चेन-स्प्रॉकेटचे आठ महिने

माझी येझदी रोडकिंग मोटरसायकल 1985 सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. वडिलांनी ती डांबरी रस्त्यावर चालवली. मी गेल्या जूनपासून तिला नॉबी (मातीसाठीचे खडबडीत, गाठींचे) टायर चढवून वेल्ह्याच्या पुढे, केळदकडच्या मातीच्या वाटांवर नेतो. तिथे पहिल्याच दिवशी कळलं की पहिला गिअर फार लांब पडतोय, म्हणजे अगदी हळू चालवायला तो जड जातो. चढावर अर्धा क्लच धरून गाडी ओढावी लागायची आणि दहा मिनिटांत प्लेटांचा जळका वास यायचा.

चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात मोजले: पुढे 18, मागे 46. म्हणजे गुणोत्तर (मागचे दात भागिले पुढचे) 2.56. ते वाढलं की गाडी हळू, पण जोर लावून ओढते. सगळे सांगतात तसं मागचं मोठं करायचं ठरवलं आणि 50 दातांचं करून घेतलं. दात चार वाढले म्हणून चेनच्या दोन कड्याही वाढवाव्या लागल्या. पण येझदीची चेन उघडी नसते. ती पत्र्याच्या डब्यात आणि रबरी नळ्यांत बंद असते. माझ्या डब्यात 50 चं चाक आतून घासायला लागलं, तेव्हा मी डबाच काढून ठेवला.

त्याचं अजून वाईट वाटतं. पावसाळ्यात वेल्ह्याचा तांबडा चिखल चेनवर बसतो, सुकतो आणि पॉलिश पेपरसारखं काम करतो. चेन ‘ताणली’ म्हणतो आपण, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते. माझी चेन 428 मापाची; तिची कडी 12.7 मिलिमीटरची, म्हणजे वीस कड्या 254 मिलिमीटर भरायला हव्यात. ऑगस्टमध्ये चेन घट्ट ओढून पट्टी लावली तर 259 भरल्या. चेन गेली होती. मागच्या स्प्रॉकेटचे दातही एका बाजूला वाकल्यासारखे टोकदार झाले होते. ज्या दुकानातून ते घेतलं त्यांनी ‘कडक केलेलं’ म्हणून दिलं होतं, पण कानसीने सहज खरवडलं जात होतं. तुम्ही घेताना दाताच्या कडेवर कानस फिरवून बघाच. घसरली पाहिजे.

नाना पेठेत नवी साधी 428 चेन घेतली, डबा आणि नळ्या परत बसवल्या, मागे पुन्हा 46. आता बदल फक्त पुढे. माझे जुने फिटर काका म्हणाले, “अहो, पुढचा एक दात म्हणजे मागचे अडीच-तीन. हात जपून घाला.” मी ऐकलं नाही, थेट 16 बसवलं. गुणोत्तर 2.88. मागे 52 दात लावल्यासारखंच!

चढाला ते सुरेख होतं. दगडांतून माणसाच्या चालीने गाडी जायची, क्लचला हात लावावा लागत नव्हता. पण त्या वाटेपर्यंत पोचायला पुणे ते नसरापूर महामार्ग आहे, आणि साठच्या वर इंजिन किंचाळायचं. छोट्या स्प्रॉकेटवर प्रत्येक कडी जास्त वाकते, तीही झीजच. शिवाय दोन दात कमी झाल्यावर गाडीचं मागचं चाक साधारण सहा मिलिमीटर मागे सरकवावं लागतं, म्हणजे चेन पुढे झिजल्यावर ताणायला तेवढी जागा कमी उरते.

नोव्हेंबरपासून 17 आहे. गुणोत्तर 2.71. खड्या चढाला सोळाइतकं निवांत नाही, हे मान्य. पण क्लच जळत नाही आणि महामार्गावर इंजिन दमत नाही. आणखी एक फायदा मला फार आवडला. कड्यांची संख्या सम आणि 16 ही सम, त्यामुळे एका दाताला ठरावीक कड्याच पुन्हा पुन्हा भेटतात. सतराला तसं होत नाही. प्रत्येक दात फिरून प्रत्येक कडीला भेटतो आणि झीज वाटली जाते. डब्यातली ही चेन सप्टेंबरपासून तीन हजार किलोमीटर चालली. परवा मोजली, वीस कड्या 255.

ओ-रिंग चेनचा (सांध्यांत रबरी कड्या असलेल्या चेनचा) विचार केला होता, पण ती रुंद असते आणि माझ्या नळ्यांत आधीच जागा कमी.

चेन ताणताना चाक हळूहळू पूर्ण फिरवा, सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथेच ढील ठेवा. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या पत्तीची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. आमच्या गावातल्या एकाची पत्ती उलटी बसली होती आणि चेन मढे घाटाच्या अलीकडे उतारावर सुटली.