डग्लस आधी की जेकब्स?

अमेरिकी गुलामगिरीवर पहिलंच पुस्तक घेताय, तर गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन घ्या. अकरा प्रकरणं, दोन बैठकींत संपतं. गोऱ्या पोरांना पाव देऊन तो त्यांच्याकडून अक्षरं शिकतो, तो भाग सावकाश वाचा. एक अडचण आहे: तो पळाला कसा, हे यात नाही. मदत करणारे अडकतील म्हणून त्याने ते लपवलं आणि १८८१च्या आत्मचरित्रात सांगितलं.

हॅरिएट जेकब्सही गुलामगिरीतून सुटलेली; तिचं १८६१चं आत्मकथन मोठं आहे, ४१ प्रकरणांचं, आणि जास्त जिव्हारी लागतं. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी ती आजीच्या घरातल्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं दडून राहिली. माळा नऊ फूट लांब, सात रुंद, उंची जेमतेम तीन फूट. गिरमिटाने फळीला भोकं पाडून ती खाली खेळणारी आपली लेकरं बघायची. बाईच्या वाट्याची गुलामगिरी डग्लसमध्ये इतक्या आतून येत नाही.

यातली नावं बदललेली आहेत; निवेदिका ‘लिंडा ब्रेंट’ म्हणजे जेकब्सच. त्यामुळे अनेकांनी ही कादंबरीच मानली. म्हणून ही खरी आत्मकथा आहे हे दाखवून देणाऱ्या अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी संपादलेली, टिपांसह १९८७ची आवृत्तीच घ्या.