स्टारशिपचं ६० सेंटीमीटरचं मॉडेल घेतलं, एप्रिल २०२३ च्या उड्डाणाच्या आधी सांगते कसं आहे

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका छोट्या दुकानातून स्टारशिपचं, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या महाकाय रॉकेटचं, थ्रीडी प्रिंट मॉडेल घेतलं, साडेचौदाशे रुपये, आणि खरं सांगते पैसे वसूल. स्केल १:२०० आहे म्हणजे खरं रॉकेट १२० मीटरचं तर हे ६० सेंटीमीटर, टेबलावर उभं केलं आणि लेकीला म्हटलं आपला राजाबाई टॉवर याच मापात केला तर जेमतेम साडेबेचाळीस भरेल, ती बघतच बसली. सगळ्यात भारी काम बुडाशी आहे. उलटं धरून नखाने एकेक इंजिन मोजलं, बाहेरच्या गोलात २०, आत १०, मधोमध ३, बरोब्बर ३३! सोव्हिएतच्या एन-१ या चांद्ररॉकेटला खाली ३० इंजिनं होती आणि ते चारही वेळा फसलं, म्हणून तर जीव टांगणीला लागलाय.

तक्रार एकच, वरच्या यानाचा एक फ्लॅप (पंखासारखी हलणारी झडप) सैल आला, दुकानदाराने बदलून द्यायला टाळाटाळ केली, शेवटी घरीच फेविक्विकने चिकटवला. रंग ठीक.

सोमवारी १७ एप्रिलला मॉडेल मांडून टीव्हीसमोर बसलो होतो सगळे आणि व्हॉल्व्ह गोठला म्हणून उड्डाणच रद्द, लेक रडवेली झाली हो. आता उड्डाण गुरुवारी २० तारखेला, आपल्याकडे संध्याकाळी सातच्या सुमारास, टेक्सासला तेव्हा सकाळ असते. मी ऑफिसातून लवकर निघून पाच दहाची फास्ट लोकल पकडणार आहे, काहीही होवो. तुम्ही घेणार असाल तर पॅकिंग तिथेच उघडा आणि चारही फ्लॅप हलवून बघा.