‘माउस’: कोऱ्या चेहऱ्यांची माणसं

आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकथेत ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरं आणि पोलिश लोक डुकरं. उंदरांचे चेहरे जवळजवळ कोरे: डोळ्यांचे दोन ठिपके, वर भुवयांची एखादी रेघ. एवढ्यावर ऑश्विट्झ या नाझी छळछावणीतून वाचलेला बाप आणि त्याची कहाणी टिपून घेणारा मुलगा, म्हणजे स्वतः लेखक, इतके खरे कसे होतात, हे चित्रकथा काढणाऱ्या प्रत्येकाने एकेका चौकटीशी थांबून पाहावं.

बरंचसं काम हातांवर सोपवलंय. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला म्हातारा बाप, व्लाडेक, बोलता बोलता औषधाच्या गोळ्या मोजतो, व्यायामाची सायकल मारतो. त्याचा हट्ट आणि चिक्कूपणा इथेच कळतो. त्याचं इंग्रजी मोडकं आहे, पण पोलंडमधल्या प्रसंगांत तोच अस्खलित बोलतो, कारण तिथे तो आपल्या भाषेत बोलतोय. तरुणपणीचा त्याचा रुबाब त्या फरकातून जाणवतो.

ज्यू असल्याचं लपवून पोलिश म्हणून वावरताना तो आणि बायको आन्या डुकराचे मुखवटे चढवतात. त्याची शेपटी कोटाखाली झाकते, तिची मागे लोंबत राहते. ती ज्यू आहे हे सहज ओळखू येई, असं तो सांगतो. त्यातली भीती पोहोचते ती शेपटीमुळे.

सगळ्यात शिकण्यासारखी जागा दुसऱ्या भागात आहे. छावणीच्या फाटकाशी वाद्यवृंद वाजायचा, अशी नोंद आहे. मुलगा तो काढतो. बाप म्हणतो, मला चालणं तेवढं आठवतं, वाद्यवृंद नाही. पुढच्या चौकटीत कैद्यांच्या रांगा अशा जातात की वादक झाकले जातात, वर वाद्यांची टोकं उरतात. इतिहास आणि आठवण यांचा वाद, कुणालाही खोटं न पाडता!

खटकतं ते पोलिश लोकांचं डुक्कर होणं. आसरा देणारे आणि पकडून देणारे एकाच थोबाडात कोंबले जातात. मुखवट्यांनी त्याची पुरती भरपाई होत नाही. आन्याच्या माहेरची माणसं जेवायला जमतात तेव्हा कोण कोणता हा घोळही होतो. तिथे चेहऱ्यांऐवजी चष्मे आणि कपडे पाहत जावं.

१९८६ आणि १९९१ चे भाग एकत्र असलेली आवृत्तीच घ्या. दुसऱ्या भागात उंदराचा मुखवटा बांधून, प्रेतांच्या ढिगावर चित्रं काढत बसलेला लेखक पहिल्या भागाच्या यशाने का पिचलाय, ते एरवी समजत नाही. मूळ चित्रं छापील आकारातच काढलेली आहेत. मोठं काढून लहान छापलं की रेघ सुबक होते, ते इथे मुद्दाम टाळलंय. म्हणून पानं दाट आहेत. फोनवर एकेक चौकट मोठी करत गेलं तर पानाची मांडणी तुटते, तेव्हा छापील प्रतच बरी.