उन्हाळाभर चालवलेला रास्पबेरी पाय आणि आपला मुस्तफा

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक, त्यावर जुने व्हिडिओ गेम चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर आणि घरातला जुना मॉनिटर. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दिवाळीपासून हे चालू आहे. मधे उन्हाळाही येऊन गेला, म्हणून आता लिहितो.

ताकदीची काळजी नको. १९८० च्या पॅकमॅनचा झेड८० प्रोसेसर जेमतेम ३ मेगाहर्ट्झचा. इथे १ गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' (१९९३), म्हणजे आपला मुस्तफा, फायनलबर्न निओ या एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) तिघं पोट्टे एकदम खेळले तरी अडकत नाही. टेकन ३ च्या आर्केड आवृत्तीचा नाद मात्र सोडा. तसले जड थ्रीडी आर्केड गेम याच्या आवाक्यातले नाहीत.

गेम उघडतच नसेल तर आधी रॉमची, म्हणजे गेमच्या फाईलची, आवृत्ती बघा. मेम २००३ या दुसऱ्या एम्युलेटरला ०.७८ आवृत्तीचाच रॉम-संच लागतो, फायनलबर्न निओला त्याचा वेगळा. मेटल स्लग या गेमसाठी निओजिओ या मूळ मशीनची बायोस (मशीन सुरू करणारी) फाईलही सोबत हवी.

खरी डोकेदुखी विजेची. खेळ ऐन रंगात आला की लाईन जाते, आणि मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर कार्डच खराब होतं. माझं एक गेलं. सगळं पुन्हा टाकावं लागलं. आता मधे पॉवर बँक लावली आहे. घेताना दुकानातच प्लग काढून बघा, कारण लाईन जाता-येताना काही पॉवर बँका क्षणभर पुरवठा तोडतात, आणि तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. व्होल्टेज कमी पडलं की इतर पायवर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, झीरोवर मात्र ती खूण येत नाही. बारीक केबल फेका.

मे महिन्यात चिप ८० अंशांच्या पुढे गेली की वेग आपोआप उतरतो. "काऊन बे, मुस्तफा थकला का?" असं पोट्टे विचारू लागले, तेव्हा चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, म्हणजे हीटसिंक, चिकटवला. फरक पडला. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ओल लागते.

गॅलागा या गेमची स्क्रीन मुळात उभी. आडव्या मॉनिटरवर ती मधोमध चिंचोळी दिसते, म्हणून आम्ही मॉनिटरच उभा केला आणि सेटिंगमधून चित्र फिरवलं. मजा दुप्पट!

ऑडिओ जॅक नाही. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर ठोसा आधी, आवाज मागून. त्यापेक्षा यूएसबी साऊंड कार्ड बरं. पण जॉयस्टिक लावायला पोर्ट एकच, तोही मायक्रो यूएसबी, तेव्हा ओटीजी केबल (मायक्रो यूएसबीला साधी यूएसबी जोडणारी) आणि एकाचे अनेक पोर्ट करणाऱ्या हबचे पैसे आधीच धरा.