तेल गेजेर: नाव लेव्यांचं, ताबा कनान्यांचा

इस्राएलमधल्या तेल गेजेर या बायबलकालीन गावाच्या टेकडीला पाचपैकी चार गुण. सहल कंपनीला दोनच, कारण ‘पवित्र भूमी’च्या यादीत तिने गेजेर ठेवलंच नव्हतं. मोकळ्या दिवशी हिला सोबत घेतलं आणि तेल अवीवहून टॅक्सी केली. कर्मे योसेफ गावाला लागूनच ही टेकडी आहे. नावाला राष्ट्रीय उद्यान, पण तिकीट नाही आणि आम्ही गेलो तेव्हा गर्दीही नव्हती. सावलीचं मात्र नाव काढू नका. टोपी आणि पाणी घेऊनच चढा. शेवटचा रस्ता कच्चा, आमचा टॅक्सीवाला सारखा कुरकुरत होता.

मी भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा 21वा अध्याय लोक भराभर उलटतात, मी तिथेच रेंगाळतो. इस्राएलच्या वंशांपैकी लेवी वंशाला इतरांसारखा मुलूख मिळाला नाही. देवाची सेवा करायची आणि लोकांच्या दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागावर, जगायचं. तरी डोक्यावर छप्पर नि गुरांना चारा हवाच. म्हणून बाकीच्या वंशांनी आपापल्या वाट्यातून 48 गावं गायरानासकट काढून दिली. एफ्राईम वंशाने दिलेल्या 4 गावांत गेजेर येतं.

मेख पुढेच आहे. त्याच पुस्तकाचा 16वा अध्याय सांगतो की गेजेरातल्या कनान्यांना, म्हणजे तिथल्या आधीच्या रहिवाशांना, कुणी हुसकावलंच नाही. पुढे मिसरच्या राजाने, फारोने, गाव जाळलं, कनान्यांना मारलं आणि आपल्या मुलीला, म्हणजे इस्राएलचा राजा शलमोन याच्या बायकोला, ते आंदण दिलं. फेरफार मंजूर, ताबा शून्य! असली प्रकरणं मी नोकरीत ढिगाने पाहिलीत.

वर सहा खोल्यांची वेस आहे, दोन्ही बाजूंना तीन-तीन. ती शलमोनाची मानतात, काळावरून विद्वानांत वाद आहे. वेशीच्या मधून पाणी काढायचा दगडी नाला गेलाय, तो वाकून नीट पाहा. पलीकडे उभ्या 10 शिळा आहेत, शलमोनाच्याही कितीतरी आधीच्या. सर्वांत उंच 3 मीटरहून जास्त. हिला त्याच आवडल्या. मला ओढ हद्दीच्या दगडांची.

टेकडीच्या आसपास खडकांवर हिब्रूत ‘गेजेरची हद्द’ आणि ग्रीकमध्ये ‘अल्कियोसची’ असं कोरलेलं आहे. पहिला लेख फ्रेंच संशोधक क्लेर्मों-गानोला 1874 मध्ये सापडला. हे लेख यहोशवाच्या काळानंतर कित्येक शतकांनी कोरलेले, आणि अल्कियोस हा बहुधा तिथला जमीनदार. म्हणजे लेव्यांच्या गायरानाचे दगड म्हणून कुणी दाखवले तर मान डोलवू नका. ते शोधायला मात्र माहीतगार माणूस हवा. जागेवर पाट्या तोकड्या आहेत, एक गुण मी तिथेच कापला.

गायरानाच्या मोजणीची गंमत वेगळीच. बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या 35व्या अध्यायात एका ओळीत तटापासून 1000 हात, लगेच पुढच्या ओळीत प्रत्येक बाजूला 2000 हात! माझ्या साहेबांनी असा नकाशा परत पाठवला असता. मिश्ना या जुन्या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात रब्बींनीही, म्हणजे धर्मपंडितांनीही, यावर डोकं लावलंय. त्यांतले अकिवा म्हणतात, 1000 गायरान आणि 2000 शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, चालण्याची मर्यादा. दुसरं मत असं की 1000 गायरान आणि 2000 शेतं-मळे. हात साधारण अर्धा मीटर धरून मी माथ्यावरून नजरेने मापून पाहिलं. दुसरं मत धरलं तर बऱ्यापैकी शेती निघते.

लेव्यांना दिलेल्या हेब्रोन गावाची वाटणी तर अजून बारीक. गाव आणि गायरान लेव्यांतल्या याजकांना (पुरोहितांना), पण गावची शेतं आणि वाड्या यहूदा वंशातल्या कालेबाला. गायरानाची जमीन तर विकायचीच नाही, असं बायबलच्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात स्पष्ट आहे. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखंच. माझ्या मते ही तजवीज शहाणपणाची होती. दशमांश लोकांच्या मर्जीवर, आणि मर्जी आटते. पुढे यरुशलेमचा सुभेदार नहेम्या याच्या वेळी लेव्यांचे वाटे थकले, तेव्हा ते मंदिराची सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले. नहेम्याने अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं, तेव्हा कुठे धान्य, द्राक्षारस आणि तेल कोठारांत यायला लागलं.

जायचं तर सकाळी लवकर जा आणि बूट घाला, वाळक्या गवतात काटे फार. पेरणी-कापणीचे महिने कोरलेली गेजेरची प्रसिद्ध पाटी इथे शोधू नका. 1908 मध्ये सापडलेली ती पाटी इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.