नान्नजच्या माळावरची घरच्यांसोबतची सहल: हिवाळा ते पावसाळा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गाडीतून फिरवून आणणाऱ्या सहली असतात. तिथे माळढोक हा मोठा, दुर्मीळ पक्षी दिसेल का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते. दिसणार नाही असं धरूनच जा. या सहलींच्या जाहिरातीत हमखास त्याचाच फोटो असतो आणि फोन केला की पलीकडून "चान्स आहे मॅडम" असं ऐकायला मिळतं. गेल्या काही वर्षांत नान्नजहून माळढोकाची बातमी आलीच, तर ती एखाद्या एकट्या मादीची. देशभरात मिळून रानात हा पक्षी दीडशेच्या आसपासच उरलाय, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. तेव्हा माळढोकाच्या नावावर कुणी जास्तीचे पैसे मागितले तर त्याला तिथेच नमस्कार करा.

ही एक गोष्ट सोडली तर सहल आम्हाला चांगलीच मानवली. हिवाळ्यात सुरुवात केली, उन्हाळ्यात गेलो आणि आता पावसाळ्यातही जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, चौथीतली मुलगी, बालवाडीतला मुलगा आणि माझे सासरे. त्यांना सगळं घर अण्णा म्हणतं. गाडी, गाईड आणि नाश्ता धरून पाच जणांचा खर्च मल्टिप्लेक्समधल्या रविवारपेक्षा थोडा जास्त येतो. मल्टिप्लेक्समध्ये मुलगा मध्यंतरातच झोपतो, इथे तो जागा राहतो.

नान्नज बार्शी रस्त्यावर, सोलापुरापासून वीसेक किलोमीटर. गाडी अंधारातच दाराशी येते. ती वेळ चुकवू नका. सूर्य वर आला की प्राणी सावली धरतात आणि गवतावरची हवा अशी थरथरायला लागते की दुर्बिणीतूनही सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं.

आमचा गाईड शेजारच्याच गावचा तरुण. मला वहिनी म्हणतो, मुलं त्याला दादा. त्याने पहिला नियम घातला तो गाडीतून न उतरण्याचा. मुलीने कारण विचारल्यावर त्याने गाडी काळविटांच्या कळपापासून बऱ्याच लांब थांबवली आणि स्वतः खाली उतरून दाखवलं. माणूस उभा दिसताच सगळ्या माना एकदम वर! तो आत बसला, इंजिन बंद केलं, थोडा वेळ गेला आणि माना परत खाली. गाडीची त्यांना सवय झालेली आहे, दोन पायांवर चालणाऱ्याचा भरवसा मात्र अजून नाही. पाठ्यपुस्तकातल्या धड्याने हे इतकं पटलं नसतं.

काळवीट इथे भरवशाने दिसतात. पीळदार शिंगांचा काळा नर, तांबूस-पिवळट बिनशिंगी माद्या, आणि मधल्या वयाचे अर्धवट तपकिरी नर. वय वाढतं तसा रंग गडद होत जातो. कळपापासून दूर एक काळा नर एकटाच उभा असायचा. मला वाटलं आजारी असेल. गाईड म्हणाला, "तो त्याचा इलाखा आहे वहिनी, सात-बारा त्याच्या नावावर आहे." मग लेंड्यांचा ढीग दाखवला. नर ठरावीक जागी लेंड्या टाकून हद्दीच्या खुणा करतो. बालवाडीतल्या माणसाला या सबंध सहलीतलं काय आवडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

लांडगा आम्हाला लांबूनच दिसला. मेंढरांचा कळप पुढे सरकला आणि मागून, कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखा, एक करडा प्राणी बांधाआड गेला. बघता बघता संपलं. आम्ही अजून जवळ नेण्याचा आग्रह केला, पण गाईडने ऐकलं नाही. हिवाळ्यात लांडग्याची पिल्लं बिळात असतात आणि माणसांची ये-जा वाढली की आई पिल्लांना हलवते, असं त्याने सांगितलं. माझ्या लेखी चांगला गाईड ओळखण्याची ही खरी खूण.

उलट मधे एकदा तो मोकळा नव्हता म्हणून दुसऱ्याच्या गाडीतून गेलो. त्याने फोटो चांगले यावेत म्हणून कळपाच्या मागे गाडी पळवली. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत पळतो हे मुलांना त्या दिवशी कळलं खरं, पण एक पाडस मागे राहिलं तेव्हा मुलगी रडायला लागली. वर मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावण्याचा उद्योग चालू होता. बुकिंग करताना सरळ विचारा, गाडी वाट सोडून माळात घालता का? उत्तर अभिमानाने "हो" आलं तर फोन ठेवा.

अण्णा पहिल्या वेळी नाखुशीनेच आले होते. "माळात काय बघायचंय?" त्यांचं लहानपण मार्डीचं, नान्नजच्या जवळच, त्यामुळे हे सगळं त्यांच्या पायाखालचं. पण गाडीत गाईडपेक्षा जास्त तेच बोलले. अभयारण्य जाहीर झालं १९७९ साली, त्याआधी सोलापूरचे पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं होतं. कागदावर अभयारण्य केवढं, तर ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली शेतं, गावं, रस्ते, सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडकले आणि लोकांनी त्याचा राग पक्ष्यावर काढला. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर उजनीचं पाणी आलं, ऊस आला, आणि जो माळ उरला त्याला सगळ्यांनी पडीक ठरवून टाकलं. गाईड म्हणाला की माळावर झाडं लावणं हेसुद्धा नुकसानच होतं. वर्षाला एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणाऱ्या पक्ष्याला चहूकडचं मोकळं दिसावं लागतं. अण्णांना हे पटलं नाही. झाड लावणं वाईट कसं, यावर दोघांची नान्नज ते सोलापूर जुंपली होती. मला गाईडचं पटलं, पण घरात शांतता हवी म्हणून गप्प बसले.

ऋतूंबद्दल म्हणाल तर हिवाळा पहिल्या नंबरावर, आणि त्याच्या जवळपासही दुसरं कुणी नाही. भोवत्या (लांब पंखांचे, गवताला चाटून उडणारे शिकारी पक्षी) मध्य आशियातून येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. त्याच वेळी ज्वारीवर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे उतरतात. मुलं टाळ्या वाजवत होती आणि शेजारच्या रानात गाईडचे चुलते गोफण फिरवत भोरड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. दुपारी त्यांच्याच शेतात हुरडा, शेंगाचटणी, दही. हा जेवणाचा भाग पॅकेजमध्ये नसला तरी विचारून बघा.

उन्हाळ्यात फक्त पहाटेची अर्धी सहल घ्या. पूर्ण दिवसाचे पैसे देऊ नका, दुपारी गाडीतच भाजून निघाल. पण पाणवठ्यावर सकाळी पखुर्ड्या (कबुतराएवढे माळावरचे पक्षी) येतात त्या बघण्यासारख्या. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी घेऊन जातो. गळ्याचा रंगीत पंखा फुगवणारा सरडाही याच दिवसांत दगडावर बसलेला दिसला. मुलीच्या वहीत त्याला काळविटापेक्षा मोठी जागा मिळाली आहे.

पावसाळ्यात माळ हिरवा होतो, चंडोल गातात, पण काळ्या मातीत गाडी रुतते. पावसाने सहल रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख, हे आधी ठरवून घ्या. आम्हाला पुढची तारीख मिळाली.

संध्याकाळी हिप्परग्याचा तलाव जोडून देतात. १८७१ चा हा तलाव हिवाळ्यात पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले स्थलांतरी हंस) आणि बदकांसाठी झकास आहे. इतर वेळी नुसता वेळ घालवण्याचा प्रकार वाटला.

कमी कशात आहे? स्वच्छतागृह. बायकांसाठी आणि वयस्कर माणसांसाठी ही मोठी अडचण आहे आणि आयोजक त्याबद्दल स्वतःहून काही बोलत नाहीत. दुर्बीण सगळ्या गाडीत मिळून एकच असते, तीही मुलं सोडत नाहीत. ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) आपली एक असलेली बरी.

पाचपैकी चार. माळढोकाची जाहिरात काढून टाकली तर साडेचार देईन. आणि पावसाळा संपल्यावर जाणार असाल तर मुलांना जाड विणीचे मोजे घालू नका, कुसळं त्यात शिरली की धुऊनही निघत नाहीत.