१०० टक्के ‘हिरव्या’ अमोनियाचं बिंग फोडणारा कागद : एसओसीएमई आकृती वर्गात कितपत चालते?

हरित रसायनशास्त्राच्या तासाला ॲटम इकॉनॉमी, म्हणजे कच्च्या मालाच्या वस्तुमानापैकी किती टक्के हव्या त्या उत्पादनात जातं, काढायला दिली की मुलं खूश असतात. सूत्रात आकडे घातले, टक्केवारी आली, विषय संपला. अमोनिया बनवण्याच्या हेबर-बॉश प्रक्रियेत तर ती थेट १०० येते, कारण नायट्रोजन आणि हायड्रोजनचा एकूण एक अणू अमोनियातच जातो. मग तक्रार कशाबद्दल करायची?

इथेच एसओसीएमई, म्हणजे सिस्टम्स-ओरिएंटेड कन्सेप्ट मॅप एक्स्टेन्शन, कामाला येते. रसायनशास्त्राच्या शिक्षणात व्यवस्थाविचार (सुटी अभिक्रिया न पाहता तिच्याशी जोडलेलं सगळं एकत्र पाहणं) आणण्यासाठी आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७मध्ये प्रकल्प सुरू केला, त्यातून पुढे आलेली ही आकृती. विकत घेण्यासारखं त्यात काही नाही. चार जणांच्या गटाला एक मोठा कागद, चिकट चिठ्ठ्या, पेन्सिल आणि एक लाल पेन पुरे. मधोमध अभिक्रिया आणि तिच्या अटी लिहायच्या (अमोनियासाठी लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस, साधारण १५० ते २५० बार दाब). भोवती कच्चा माल, ऊर्जा, उत्पादनाचा वापर (अमोनियाचा मुख्यतः खतासाठी), नको असलेले परिणाम अशा उपव्यवस्था मांडायच्या आणि बाणांनी जोडायच्या.

खरा जीव लाल पेनात आहे. त्याने व्यवस्थेची सीमा आखायची. पहिल्या फेरीत ती फक्त अभिक्रियेभोवती असते. दुसऱ्या फेरीत विचारायचं, हायड्रोजन आला कुठून? बहुतेक कारखान्यांत तो मिथेन आणि वाफेपासून मिळतो. ते समीकरणही सीमेच्या आत घेतलं की हिशोब असा होतो: मिथेनचे ३ रेणू, पाण्याचे ६ आणि नायट्रोजनचे ४ मिळून अमोनियाचे ८ आणि कार्बन डायऑक्साइडचे ३. वस्तुमानात पाहिलं तर २६८पैकी १३६ भाग अमोनिया, १३२ भाग कार्बन डायऑक्साइड. १००वरून थेट ५१ टक्के! त्यात भट्टीचं इंधन अजून धरलेलंच नाही. अभिक्रिया तीच आणि सूत्रही तेच. हलली ती फक्त लाल रेघ. एवढी एक गोष्ट वर्गाला कळली तरी दोन तास वसूल.

दोन तास मात्र लागतातच. एका तासात उरकायला गेलं की कागदावर नुसते शेवया सांडल्यासारखे बाण दिसतात. चिठ्ठ्या १५वर थांबवाव्यात, आणि क्रियापद नसलेला बाण खोडून टाकावा. ‘खत — पाणी’ याला काही अर्थ नाही. ‘खतातलं न शोषलेलं नायट्रेट भूजलात झिरपतं’ याला आहे. ‘प्रदूषण’ किंवा ‘पर्यावरण’ अशी चिठ्ठी आली तर परत करून पदार्थाचं नाव लिहायला लावावं. नायट्रस ऑक्साइड (खत घातलेल्या मातीतून सुटणारा वायू) हे नाव आलं की पुढचा प्रश्न आपोआप निघतो, कारण १०० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडकवतो.

सगळ्यात जास्त अडतं ते मागे वळणाऱ्या बाणांपाशी. मुलं सगळे बाण बाहेरच काढतात, आणि आकृती म्हणजे परिणामांची यादी होऊन बसते. इथे एक तयार फीडबॅक लूप, म्हणजे परिणाम फिरून कारणापाशीच येतो असं चक्र, हाताशी ठेवावा. मातीत खतातल्या अमोनियमचं नायट्रेट होताना प्रत्येक आयनामागे २ हायड्रोजन आयन सुटतात, त्यामुळे माती आम्लधर्मी होत जाते. मुळांना अन्नद्रव्यं नीट मिळत नाहीत, पीक खालावतं, आणि कारण न ओळखता आणखी खत टाकलं की चक्र पुन्हा सुरू. आम्ल मारायला चुनखडी घातली तर तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. यातलं प्रत्येक समीकरण मुलांना स्वतः संतुलित करता येतं, म्हणून हा लूप भाषणबाजी वाटत नाही.

उणिवा आहेतच. ग्रॅमभर पदार्थ वाहो की टनभर, बाण तेवढाच दिसतो. म्हणून निदान तीन बाणांवर आकडे लिहायला लावावेत. काळ तर आकृतीत दिसतच नाही. मातीचा सामू वर्षांगणिक कसा उतरतो हे दाखवायचं असेल तर वेगळा आलेख काढण्याला पर्याय नाही. शिवाय रासायनिक समतोल अजून कच्चा असलेल्या वर्गाला अमोनियापासून सुरुवात जड जाते. त्यांच्यासाठी ॲस्पिरिन बरं: ॲसेटिक ॲनहायड्राइडच्या मार्गाने ॲटम इकॉनॉमी ७५ टक्के, उरलेला भाग ॲसेटिक आम्ल. सीमा एक पाऊल मागे सरकवली की सॅलिसिलिक आम्लामागे फिनॉल आणि फिनॉलमागे बेन्झीन येऊन उभं राहतं.

गुण देताना चिठ्ठ्या मोजू नयेत, नाहीतर पुढच्या वेळी प्रत्येक गट ४० चिकटवतो. एका उपव्यवस्थेतून दुसरीत जाणारे, क्रियापद असलेले बाण मोजावेत. लूपला वेगळे गुण ठेवावेत. आणि पहिल्या फेरीचा कागद फेकू देऊ नये. दुसऱ्याशेजारी टांगून, सीमा का हलवली हे गटाकडून दोन ओळींत लिहून घ्यावं.